चांगला माल

भट्टीवालीने चिनी मातीच्या बरण्यांचं खोकं लवादांपुढच्या टेबलावर ठेवलं आणि हात रुमालाला पुसले.

"घाबरू नका," वकीलबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. "करारात नुसतं ‘चांगला माल’ लिहिलंय. चांगला म्हणजे कसा, ते कुठेच नाही. असं मोघम असलं की कायदा बघतो, या धंद्यात चाल काय आहे आणि तुम्ही दोघे आजवर वागलात कसे."

वागले कसे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. बरण्या उतरल्या की म्हातारे दुकानदारकाका एकेक उचलत, टिचकी मारत, कानाशी धरत आणि मान डोलावत. मान डोलली की माल चांगला. पण आता दुकान मुलाकडे आलं होतं, आणि त्याने झिलईवरच्या बारीक रेघा पाहून सगळी खेप नाकारली होती. खेप परत आली तर भट्टी विझणार होती. विझलेली भट्टी पुन्हा पेटवायला तिच्यापाशी कपाळाशिवाय काही उरलं नव्हतं.

तरी तिला खरी भीती होती ती वेगळीच. काकांना ऐकू येत नव्हतं. पाठीमागून हाक मारली तर ते वळत नाहीत, हे गेल्या काही खेपांत तिच्या ध्यानात आलं होतं. ही गोष्ट तिने वकीलबाईंनाही सांगितली नव्हती. सांगावी तर दावा जातो, आणि चारचौघांत म्हाताऱ्याची अब्रूही जाते; लपवावी तर लबाडी होते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"माल कसा पारखतात, ते काकांनाच दाखवू द्या," लवाद म्हणाले.

मुलाने खोक्यातली एक बरणी निवडून वडिलांपुढे सरकवली. काकांनी टिचकी मारली.

आवाज बद्द आला. तिने लगेच ओळखलं. रेघांचं सोडा, बरणीला कुठेतरी चक्क तडा होता. लवादांना मात्र काही कळल्याचं दिसेना.

काका बरणी कानाशी धरून बसले. मग वाकून, वकीलबाईंच्या खांद्यावरून, त्यांनी भट्टीवालीकडे पाहिलं. दर खेपेला ते असेच पाहत. जुनी ओळख म्हणून पाहतात, असं ती समजत आली होती. तिचा चेहरा पडला की बरणी बाजूला जाते, हे तिला आत्ता उमगलं.

ती नुसती हसली असती तरी बरणी पास झाली असती. हसावंसं तिला फार वाटलं. पण तिने नाही म्हणून मान हलवली.

"ही नको," काका म्हणाले आणि त्यांनी बरणी बाजूला ठेवली.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी ठेवलं. मुलाने ती बरणी उचलून खिडकीच्या उजेडात फिरवली. तळाशी केसाएवढा तडा होता. तो आधी वडिलांकडे, मग तिच्याकडे पाहत राहिला. आटोपलं सगळं, असं तिला वाटलं.

मग त्याने आपली खुर्ची उचलली आणि वडिलांच्या समोर नेऊन ठेवली.

"मावशी, तुम्ही इथे बसा," तो हळूच म्हणाला. "इथून तुम्ही बाबांना नीट दिसाल."

आणि त्याने खोक्यातली दुसरी बरणी काढून वडिलांच्या हातात दिली.