तवा पालथा घालायचा नाही

मुरुमच्या गौराबाईचा बिडाचा तवा म्हणजे गल्लीनं हेवा करावा अशी चीज. तिच्या नवऱ्यानं, रेवणप्पानं, तो लग्नाच्या वर्षी बाजारातून आणला होता आणि चुलीपाशी बसून अर्ध्या कांद्यानं करडईचं तेल चोळचोळून स्वतःच काळाभोर केला होता. बाप्यानं चुलीपाशी बसावं म्हणून बायका हसल्या. हसोत बापड्या! त्यांची धिरडी उलथन्यानं खरवडावी लागत, गौराबाईचं धिरडं अलगद सुटे.

मग रझाकारांचे दिवस आले. निजामाच्या हद्दीपलीकडं सोलापूरला पळायची वेळ आली, तेव्हा रेवणप्पानं आईला नि बायकोला गाडीत बसवलं, तवा कडब्याच्या गंजीत खुपसला आणि म्हणाला, "म्हशी घिऊन मागनं येतो." तो काही आला नाही.

पोलीस ॲक्शन झाल्यावर सासू-सुना घरी परतल्या. तवा सापडला, पण गंजून लाल झालेला. उपाय सोपा होता. जाळावर पालथा घालून तो तापवायचा, गंज जाळायचा आणि नव्यानं तेल पाजायचं. पण चुलीवर तवा पालथा पडतो तो घरातलं माणूस गेल्यावर. सासूनं, लक्ष्मम्मानं, बजावलं होतं, "माझा ल्योक येईस्तवर तवा पालथा घालायचा न्हाय."

गौराबाईला तरी कुठं घालायचा होता? चिंच लावून, वाळूनं घासून तिची बोटं सोलली, तरी गंज हटेना. घासताना रोज त्याचे तेलकट हात आठवायचे, आणि तो आत्ता, या घडीला दारात यावा असं वाटून ती उंबऱ्याकडं बघत राही.

मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीच्या सकाळी, ती पाणी घेऊन आली, तर चुलीवर तवा पालथा! शेजारी लक्ष्मम्मा गुडघ्यात मान घालून बसलेली.

"आत्याबाई, ह्ये काय केलंत?"

"तीन म्हैनं झालं, गौरे. येणारी समदी आली. तू अजून तरणी हाईस. आपल्यात उडकी चालती, तुला दुसरं घर बघून दिते. किती वाट बघशील?"

गौराबाईनं पदराचा बोळा करून तापलेला तवा उचलला आणि सरळ केला. तळवा पोळला, पण तिनं तवा सोडला नाही.

"तुमाला ल्योक सोडायचा आसंल तर सोडा. म्या नवरा सोडला न्हाय."

लक्ष्मम्माचं इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आता फुटलं. रडतरडतच तिनं कांदा कापला, तेलाची बुधली पुढं सरकवली, आणि दोघी मिळून तव्याला तेल पाजू लागल्या.

त्या दिवशीही धिरडं चिकटलं, मोडलं. लक्ष्मम्मानं ते तुकडेच वाढायला घेतले. ताटं तीन मांडली.

"त्येचं झाकून ठिव गं," ती म्हणाली, "गार हुईल."