हलक्या हाताचे गोळे

सिस्टरांनी आयुष्यात कुणाचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. सगळी नोकरी प्रसूतिगृहात गेली, आणि तिथे कौतुकाला वेळ कुणाला असतो? बाळ रडलं की हुश्श, नाही रडलं की धावाधाव. निवृत्त झाल्या तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची, आणि त्यांचा आवाजही वॉर्डातलाच राहिला होता. मुलाने लग्न करून बायको घरी आणली, तेव्हा तिचे पिळदार दंड बघून सिस्टर मनात म्हणाल्या, "अगं बाई, काय खणखणीत पोरगी आहे ही!" आणि तोंडाने काय म्हणाल्या? "दार लावून घे, वारा येतोय."

सून बेकरीत होती. पीठ मळायचं काम. पहाटे जायची आणि उजाडल्यावर गरम पावाची पिशवी घेऊन घरी यायची. मग सासू-सुना चहा घेऊन बसायच्या आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत इमारतीतल्या एकेकाचा समाचार घ्यायच्या. सून नकला करायची. सिस्टर "पुरे गं, पुरे, शोभतं का हे!" म्हणायच्या आणि हसून हसून चहा सांडायच्या. दिवसभरात त्यांना याच एका तासाची वाट असायची, पण हे त्या कुणाला सांगतील तर शपथ.

पुढे बेकरी विकली गेली. नव्या मालकाने मळायचं यंत्र आणलं आणि सुनेला नारळ दिला. त्याच सुमाराला मुलाला मोठ्या शहरातून बोलावणं आलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि तिकडे तर जिकडे बघावं तिकडे लिफ्टच.

"हिला इथे काम मिळालं तर मी कुठे जात नाही," तो जेवताना म्हणाला. "नाहीतर महिनाअखेर निघतो आम्ही. रिकामी बसली तर ही भिंती मळायला घेईल. आई, तूही चल की."

"मी कशाला? मी मजेत राहीन. तुम्ही खुशाल जा."

असं ठणठणीत सांगितलं की दोघांना खरंच वाटलं. खोटं होतं, साफ खोटं! त्या रात्रीपासून सिस्टर अर्ध्या ताटावरून उठायला लागल्या. पण एकदा बोललेला शब्द गिळायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. वॉर्डात साऱ्या जगाला "काही होत नाही, घाबरू नका" म्हणत आलेली बाई स्वतः घाबरलीय, हे सांगणार तरी कसं?

एवढ्यात एक दार किलकिलं झालं. कोपऱ्यावर एका बाईंचं छोटं उपाहारगृह होतं, ग्रीक पद्धतीच्या खाण्याचं. त्यांना स्वयंपाकाला माणूस हवं होतं. सून विचारायला गेली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "माझ्या ओट्याशी उभं केलं की सगळेच शहाण्यासारखे वागतात. मी रविवारी दुपारी तुझ्या घरी येते. तुझ्या ओव्हनमध्ये मीटबॉल भाज, खिम्याचे गोळे. तळायचे नाहीत, भाजायचे. आणि काट्याने तुटले पाहिजेत, सुरी मागायची वेळ आली तर मी चहा पिऊन घरी जाईन."

कृती त्यांनी उभ्या उभ्याच सांगितली. मटणाचा खिमा, दुधात भिजवून पिळलेला शिळा पाव, किसलेला कांदा, लसूण, अंडं, भरपूर पुदिना, वाळलेला ओरेगॅनो, लिंबाची किसलेली साल, थोडं खारट फेटा चीज. वरून ऑलिव्हचं तेल, भोवती बटाट्याच्या फोडी आणि लिंबाचा रस. सुनेने घरी येऊन सगळं एका दमात म्हणून दाखवलं. एक जिन्नस इकडचा तिकडे नाही. सिस्टरांना वाटलं, हिला औषधांच्या खोलीत ठेवली असती तर सोनं केलं असतं.

आणि ओव्हन! तो घरातला जुनाट, लहरी ओव्हन. सिस्टर त्यात केक करायच्या तेव्हा एक बाजू कच्ची आणि एक बाजू कोळसा. सुनेने काय करावं? पावाचे तुकडे काढले, ताटलीभर मांडून आत ठेवले आणि समोर उकिडवी बसली. कुठला तुकडा आधी लाल होतो, कुठला पांढरा राहतो, बघून घेतलं. "मागचा डावा कोपरा तापट आहे, आई. दाराजवळचा आळशी." त्या दिवसापासून ती ताटली अशी फिरवायची की शेजारी शेजारी ठेवलेले गोळे जुळ्या भावांसारखे सारख्या रंगाचे निघायचे. सिस्टर बघत राहिल्या. म्हणाल्या मात्र, "ओव्हन पुसून घे नंतर."

पहिल्या दिवशीचे गोळे दिसायला देखणे झाले. पुदिन्याचा आणि लिंबाचा वास जिन्यापर्यंत गेला. मुलाने एक उचलला, चावला, थांबला, परत चावला.

"कसा झालाय?" सुनेने विचारलं.

"चव झकास. फक्त एक दे मला, लिफ्टखाली रबर बसवायचंय, तिथे चालेल."

सून त्याच्याकडे बघत राहिली तसा तो मुकाट्याने उरलेला संपवायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने पाव वाढवला. तिसऱ्या दिवशी दूध वाढवलं, तेल वाढवलं, कांदा वाढवला. गोळे आपले टणक ते टणकच. खिमावाला विचारायला लागला की घरी पंगत वगैरे आहे का. मुलाने डब्यात तेच नेले, संध्याकाळी तेच खाल्ले, आणि हूं की चूं केलं नाही.

सुनेचं तोंड उतरलं, पण हात थांबले नाहीत. काय चिवट पोरगी! रडायला आलं की नाक पुसायची, हात धुवायची आणि परत कांदा किसायला घ्यायची.

सिस्टर स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. सोलता सोलता त्यांची नजर सुनेच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. तळहाताने पुढे रेटायचं, दुमडायचं, वळवायचं, परत रेटायचं. अंगाचा सगळा भार मनगटावर. हे तर पाव!

"अगं ए! तू मळतेयस!"

"मग? एकजीव नको व्हायला?"

"एकजीव कर, पण मळतेस काय? खिमा आहे तो, मैदा नव्हे. तू जितकं दाबशील तितका तो आखडेल." सिस्टर उठल्या, हात धुतले. "नव्या आया बघितल्यात ना मी. बाळ पडेल म्हणून भीतीने आवळून धरतात, मग ते पोर ताठ होतं आणि टाहो फोडतं. सरक इकडे."

त्यांनी बोटं मोकळी सोडली. खिम्याच्या खालून हात घातला, वर उचललं, अलगद पालथं केलं. परत खालून, परत पालथं. पाव दिसेनासा झाला तशा थांबल्या. मूठभर घेतलं आणि दोन तळव्यांत नुसतं फिरवलं, दाबलं म्हणून नाही. असे वळलेले चार गोळे भाजून निघाले तेव्हा काटा लावल्याबरोबर तुटले. सुनेने एक तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"आई, तुमच्या हातात जादू आहे हो!"

"जादू कसली, लंगोट बांधून बांधून आलंय ते," सिस्टर म्हणाल्या. पण कान लाल झाले.

कळलं, पण वळेना. सुनेचे हात वर्षानुवर्षं एकच गोष्ट करत आलेले. लक्ष असेपर्यंत अगदी फुलासारखे चालायचे, आणि जरा मन दुसरीकडे गेलं की लागलेच रेटायला. मग स्टुलावरून आवाज यायचा, "हात!" सून दचकून थांबायची. घडीभराने परत "हात!" शेजारच्या काकांनी भिंतीवर टकटक करून विचारलं, काय, पकडलाय का चोरबीर?

"रविवारी तुम्ही ओरडणार आहात का मालकीणबाईंसमोर?" सून रडवेली झाली. "घाबरले की हे हात माझं ऐकतच नाहीत."

सिस्टर आपल्या खोलीत गेल्या, आणि मुलाची मोठी बॅग कपाटावरून खाली आलेली दिसली तशा तिच्याकडे पाठ करून पडून राहिल्या.

रविवारी सकाळी त्या उठल्या तर स्वयंपाकघरातून धप्प धप्प आवाज. बघतात तर टेबलावर मैद्याचा हा एवढा डोंगर, आणि सून घामाने निथळत तो मळतेय.

"अगं, आज पाव कसला? बाई दुपारी येणार, खिमा अजून तसाच आहे!"

"हातांची खुमखुमी जिरवतेय, आई," ती धापा टाकत म्हणाली. "यांना मळायचंच आहे ना? मळा म्हटलं, पोटभर मळा. दुपारपर्यंत दाबायला जोरच उरता कामा नये."

सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. नावाजलेल्या डॉक्टरांचे हात त्यांनी जवळून बघितले होते, पण स्वतःच्या हातांची खोड ओळखून त्यांना असं समजुतीने वागवणारं माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पीठ उचलायची, आपटायची, दुमडायची, आणि ते तिच्या हाताखाली गुळगुळीत, तुकतुकीत होत जायचं. माझी सून आहे ही, त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. कांदा अजून किसायचा होता, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

मालकीणबाई आल्या आणि सरळ सिस्टरांच्या स्टुलावर बसल्या. सुनेने खिमा पुढे ओढला. बोटं मोकळी, खालून वर, अलगद पालथं. मालकीणबाईंनी सहज विचारलं, "बेकरी का सोडलीस?" आणि झालं! सुनेचे तळहात खिम्यावर टेकले. सिस्टरांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मोठ्या कष्टाने मिटलं. पण सून स्वतःच थांबली. थकलेले हात झटकले, एक श्वास घेतला आणि परत खालून सुरुवात केली.

ताटली आत गेली, फिरली, बाहेर आली. मालकीणबाईंनी काटा लावला. गोळा तुटला. त्यांनी खाल्ला, दुसरा खाल्ला. सिस्टरांच्या हातातला टॉवेल पिळून दोरी झाला. मग बाईंनी टेबलावरचा पाव तोडला, ताटलीतला लिंबाचा रस्सा त्याने पुसून घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"हा पाव कुठून आणलास?"

"मीच केला. सकाळी."

"उद्यापासून ये," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन्ही करायचं. गोळेही आणि पावही."

मुलाने टाळी वाजवली. सून मात्र हलली नाही. ती सिस्टरांकडे बघत होती.

"ताई, मी जरा आईंना विचारते." मग हळूच, "आई, तुम्ही सारखं म्हणत होतात, खुशाल जा. मला वाटलं, तुमचं घर तुम्हाला हवंय. माझा एवढा खटाटोप चालला, पण तुमच्या मनात काय आहे ते विचारायचंच राहिलं. तुम्हाला नको असेल तर आम्ही जाऊ."

सिस्टरांनी तोंड उघडलं. "मला काय, मी मज..." त्यांनी टॉवेल टेबलावर ठेवला.

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "सगळं खोटं. तू गेलीस तर मी सकाळी उठू तरी कशाला? राहा गं. मला तू हवी आहेस. याला कुठे पाठवायचं तिथे पाठव."

"आई!" मुलगा ओरडला.

"गप रे, मी हिच्याशी बोलतेय. आणि ऐक, तुझ्यासारखं काम करणारं माणूस मी उभ्या जन्मात बघितलं नाही. हे लग्नाच्या दिवशीच सांगायला हवं होतं. तेव्हा दार लाव म्हणाले."

सुनेने येऊन सासूला मिठी मारली. हातातला जोर संपला म्हणे! त्या दंडांनी असं आवळलं की सिस्टरांचा श्वास कोंडला, चष्मा तिरका झाला.

"हात!" त्या वॉर्डातल्या आवाजात ओरडल्या. "अगं, हलका हात!"

सुनेने काही सोडलं नाही, आणि सिस्टर दुसऱ्यांदा ओरडल्या नाहीत.