सात हंडे आणि एक काजळाची डबी

मित्रांनो, माझं झाकण आता घट्ट बसत नाही आणि कडेला हिरवट थर चढला आहे. मी पितळेची काजळाची डबी आहे. जुन्या वस्तू आपल्या तरुणपणाच्या बढाया मारतात. मलाही मारता आल्या असत्या, पण मला जे सांगायचं आहे त्याची मला आजही लाज वाटते.

एका कासारानं मला घडवलं. आकार कैरीचा, लांबी बोटभर, झाकणावर दोन पानं कोरलेली. आखाडा बाळापूरच्या बाजारात मंजुळाबाईनं मला घेतलं, तेव्हा तिला सातवा महिना होता. शेजारच्या खतीजाबीनं तिला काजळ धरायला शिकवलं. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली उपडी ठेवायची, काजळी जमली की लोण्यात खलायची.

"जल्दी नको करू, मंजुळा," खतीजाबी म्हणायची. "आँख का मामला हाये."

बाळंतपणाच्या दिवशी सुईण भिकाबाई आतूनच ओरडली, "पायाळू हाये गं माय! पाय आधी आले!" सासरे उकंडराव ओसरीवर बसले होते. मुलगी झाली म्हणून त्यांनी तोंड पाडलं नाही. उलट गावभर गूळ वाटला.

पार्वती नाव ठेवलं, हाक मारायला पारू. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली चमक जाते, असं आमच्याकडं मानतात. पारू चालायला लागली तशी ओसरीवर माणसं पालथी पडायला लागली. शेजारचा दांडगा धर्मसिंग तर दिवसाआड यायचा.

"पारूबाई, जरा जोरानं हाना."

"काल हानली व्हती की!"

"काल चमक डावीकडं व्हती. आज उजवीकडं सरकली."

पारू खिदळत लाथ मारायची. रोज सकाळी मंजुळाबाई माझ्यातलं काजळ करंगळीवर घ्यायची, आणि पारू पापणी न हलवता डोळे मोठे करून बसायची. इतके टपोरे डोळे! मला वाटायचं, ते माझ्यामुळंच आहेत.

पायाळू माणसाबद्दल आणखी एक समजूत होती. डोळ्यांत खास अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं म्हणे. आणि आमच्या गावाबाहेर एक जुनी दगडी बारव होती. देवगिरीचं राज्य बुडालं तेव्हा राजाच्या माणसांनी मोहरांचे सात हंडे तिथं पुरले आणि राखायला आपलं घराणं ठेवलं, असं उकंडरावांना त्यांच्या आज्यानं सांगितलं होतं.

"आपुन निसते कुणबी न्हाई, पारू. राखणदार हावोत. राजाची ठेव हाये आपल्याकडं," ते नातीला मांडीवर घेऊन सांगायचे. पारूला ती गोष्ट पाठ झाली होती. उकंडराव हावरट नव्हते, मित्रांनो. त्यांना मोहरा मोडून खायच्या नव्हत्या. आपलं घराणं खरंच कुणीतरी होतं, एवढं त्यांना एकदा बघायचं होतं.

पारू सहा वर्षांची झाली त्या वर्षी ते एका जत्रेतून पानात गुंडाळलेली पूड घेऊन आले. कुणा अनोळखी माणसानं ती दिली होती. त्यांनी मला मागून घेतलं. मंजुळाबाईचं काजळ काडीनं खरवडून भिंतीला पुसलं आणि ती पूड तेलात कालवून माझ्यात भरली.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण मला आनंद झाला! रोज लोण्यात लडबडणारी मी, आता राजाचा खजिना माझ्यातून उघडणार होता. ते अंजन माझ्या पितळेलाही चावत होतं, आतून मी काळी पडत होते. तरी मी गप्प राहिले.

भर दुपारी सगळे बारवेवर जमले. मंजुळाबाई पदराआडून हळूच म्हणाली, "मामंजी, आधी आपल्या डोळ्यात घालून बघा की."

"मी काय पायाळू हाये व्हय?" उकंडराव म्हणाले. माणसं हसली. मंजुळाबाई खाली बघत उभी राहिली. पुढं कितीतरी वर्षं तिला स्वतःचं ते गप्प राहणं सलत राहिलं.

उकंडरावांनी अंजन बोटावर घेतलं, तशी पारूनं नेहमीसारखे डोळे मोठे केले. पापणी हलवली नाही. रोज आई काजळ घालायची त्याच डबीतलं होतं ना ते.

"आबा, झोंबून राहिलं!"

"कळ काढ, माय. खाली काय दिसून राहिलं, सांग."

पारूच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती म्हणाली, "हंडे."

"किती?"

"सात."

उकंडराव पायरीवर कपाळ टेकून रडायला लागले. त्याच दुपारी खणायला सुरुवात झाली. आठ दिवस उकंडराव, पारूचा बाप आणि गावचे गडी बारवेची मागची बाजू खणत होते. गाळ निघाला, खापरं निघाली, शेवटी एक फुटकं जातं निघालं. आणि त्या आठ दिवसांत पारू घरात ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन पडली होती. 'उष्णता असंल,' म्हणून सगळे खणायला जात होते.

खतीजाबी माहेराहून परतली, तिनं ते फडकं उचललं आणि किंचाळली, "खजाना ढूंडते बैठे, बच्ची के आँखां जल गए ना!" तिच्या घरच्यांनीच छकडा जुंपला आणि मायलेकींना हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड आणि सावली एवढंच कळेल.

परतल्यावर उकंडरावांनी तिला विचारलं, "तू सात काहून म्हणलीस गं?"

"तुमीच सांगितलं व्हतं की, आबा. मला तर निसती आग दिसून राहिली व्हती."

उकंडरावांनी मला उचलून उकिरड्यावर फेकलं. मंजुळाबाईनं मला परत आणलं. "डबीचा काय दोष?" ती म्हणाली. दोष होता, मित्रांनो. पण डबीला तोंड असून बोलता येत नाही. तिनं मला कोनाड्यात ठेवलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही.

अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या राज्यात रझाकारांची दहशत माजली, तशी गावोगावची माणसं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली. सगळ्यांनी डाग-दागिने चुलीखाली पुरले. मी पुरण्याच्या लायकीची नव्हते, म्हणून गाठोड्यातून बरोबर गेले. वाटभर उकंडराव पारूचा हात धरून होते.

"आता दगूड हाये. पाय उचल. आता नाला हाये, पाणी घोट्याएवढं. पलीकडं पळस हाये." गेली सहा वर्षं ते असंच तिला जग सांगत आले होते.

पारूनं मध्येच विचारलं, "आबा, बारवेत खरंच खजिना व्हता का वो?"

त्यांनी आधी तिला हाताला धरून नाल्याच्या काठावर चढवलं. मग म्हणाले, "व्हता. पण बारवेत न्हाई. माज्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायचा. मी कसला राखणदार, बाई!"

पारूनं त्यांचा हात आणखी घट्ट धरला. "पुढं काय हाये, ते सांगा," ती म्हणाली.

सप्टेंबरात रझाकार गेले आणि आम्ही घरी परतलो. घराची किल्ली खतीजाबीनं जपून ठेवली होती. दिवाळीच्या सुमारास पारूला भाऊ झाला. पारूनं चिंचेनं मला घासलं, आतला काळा डाग मात्र गेला नाही. मंजुळाबाईनं पुन्हा काजळ धरलं. आधी स्वतःच्या डोळ्यात घातलं आणि दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी ती बाळाकडं वळली, तर पारू म्हणाली, "आई, डोळ्यात नको. गालावर तीट लाव. मी लावते."

तिनं बोटानं चाचपत बाळाचा गाल शोधला, आणि तीट लागली नाकावर! मंजुळाबाई हसता हसता रडली. उकंडराव तोंड फिरवून ओसरीवर निघून गेले.

मित्रांनो, माझ्यातला तो डाग अजून तसाच आहे. मला घासूनपुसून लख्ख करू नका, तो राहू द्या. एवढंच करा, लेकराच्या डोळ्यांत काही घालायची वेळ आली की आधी आपल्या डोळ्यांत घालून बघा. आणि लेकरू 'झोंबतंय' म्हणालं, तर हातातले सात हंडे तिथंच टाकून त्याच्याकडं धावा.