दात्याचं नाव

मुखवट्याचा डावा कान तुटका होता – सुपारीएवढा पितळी चेहरा, कपाळावर शेंदराची काळपट खपली, आणि कानाच्या जागी एक धारदार कड, जिच्यावरून प्रेमिलाचं बोट मघापासून फिरत होतं. मरीमायचा मुखवटा. नोंद क्रमांक ५६/२१२. हा कान तिनंच तोडला होता, सहा वर्षांची असताना, पाट्यावर आपटून. आईनं पाठीत असा धपाटा घातला होता की… पण असं कसं? मरीमाय तर नदीत गेली होती. बाबांनीच नेली होती.

तिनं संग्रहालयाची जुनी नोंदवही ओढली. दाता: कवडू तुळशीराम मेश्राम, इंदोरा. १६ ऑक्टोबर १९५६. खाली सही – ‘क’ची शेपटी लांबवलेली, तिच्या प्रगतिपुस्तकांवर दरवर्षी असायची तीच.

अठरा वर्षं वस्ती एकच गोष्ट ऐकत आली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात कवडूनं घरचे देव फडक्यात बांधले, डोक्यावर घेतले, नाग नदीत सोडले. त्याचं पाहून चाळीस घरांनी सोडले. दर दसऱ्याला बाबांना मंचावर बसवतात, हार घालतात, आणि गिरणीत उभा जन्म काढलेला हा माणूस माइकसमोर खाली मान घालून तेवढंच सांगतो. लोक म्हणतात, किती नम्र! नम्र कसला डोंबलाचा… मान वर करायची सोय होती का?

आणि आई? पुढच्याच उन्हाळ्यात धाकटा तापानं गेला आणि आईनं मनाशी पक्कं धरलं, देव बुडवले म्हणून पोरगं गेलं. वस्तीत हे बोलायची चोरी. म्हणून ती धुण्याचं निमित्त करून नदीवर जायची, पाण्याकडे बघत बसायची आणि धुणं कोरडंच घेऊन परत यायची. एक-दोन नव्हे, मरेपर्यंत, अकरा वर्षं. बाबा दारात बसून ते कोरडं धुणं बघायचे आणि बिडी ओढायचे. एक वाक्य बोलायचं होतं – बुडवले नाहीत, आहेत, दोन मैलांवर कपाटात आहेत. नाही बोलले. आई कुढत कुढत गेली.

कार्डं आज पाचपर्यंत द्यायची होती. पदविकेसाठी तिनं हाच प्रकल्प घेतला होता, घरगुती देवांचं कपाट: एकशे चाळीस वस्तू, प्रत्येकीचं एक कार्ड, मग प्रदर्शन, वस्तूखाली दात्याचं नाव आणि दात्याला घरपोच निमंत्रण. नाव लिहावं तर वस्तीत बाबांना तोंड दाखवायला जागा नाही. ‘अज्ञात’ लिहावं तर… तिच्या मार्गदर्शक इंदुताई पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, कुठून आली ते ठाऊक नाही ती वस्तू भंगार. माझ्या आईनं अकरा वर्षं नदीत शोधलं ते भंगार, असं मीच लिहू?

एक वाजता बाबा डबा घेऊन आले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून रोज आणायचे आणि रोज व्हरांड्याबाहेरच थांबायचे, गुडघे दुखतात म्हणायचे. पायऱ्या तीनच होत्या. ती नोंदवही घेऊन खाली उतरली.

“ही सही तुमची होय, बाबा?”

चष्मा नव्हता, त्यांना तो लागलाही नाही.

“बुडवाले हात नाही झाला वं,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी इथं आनून देल्ले. साहेब म्हने, इथं पूजा नाही होत, नुसतं ठेवतात. मले वाटलं, हे बरं आहे. नदीत सोडलं ते गाठोडं दगडाचं होतं.”

“मंग मायले काहून नाही सांगितलं?”

“वापस आनले असते तिनं.”

त्यांनी डबा तिच्या हातात दिला. “जेवून घे. थंडं होऊन राहिलं.” चार पावलं गेले, थांबले आणि वळून हळूच म्हणाले, “तुह्या मायले नोको सांगू.”

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

साडेचारला इंदुताई टेबलापाशी आल्या. “दोनशे बाराचं कार्ड राहिलं ना तुझं? दात्याचा पत्ता लागला?”

“बघते आहे,” प्रेमिला म्हणाली. नोंदवही तिच्या कोपराखाली होती. बरं, उद्या दे, असं म्हणून इंदुताई पुढच्या टेबलाकडे गेल्या.

खोटं बोलले असंही नाही… फक्त बोलले नाही. किती अलगद जमलं ते, काही ठरवावंसुद्धा लागलं नाही. उद्या विचारतील तेव्हाही बघते आहे म्हणता येईल, परवाही येईल, आणि मग विचारणारं माणूसच राहणार नाही – अकरा वर्षं अशीच निघाली असतील का? सकाळपासून तिनं बाबांवरचा राग आईसाठी म्हणून घट्ट धरून ठेवला होता. आता चाचपला तर तो सापडेना. आणि आईला काय सांगायचं, ते तिला कळेना.