आधी तुम्ही, सर

सात वर्षांच्या त्या पोरीचे गाल असे फुगले होते, की हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. मूत्रपिंडाच्या आजारावरची गोळी चालू होती. आजार केव्हाच नमला, गोळी मात्र गालांवर ठाण मांडून बसली. वर्गातल्या मुली तिला ‘फुगा’ म्हणायच्या.

“सिस्टर, गोळी कमी कधी करायची?” आईने फाईल टेबलावर आपटलीच. “मॅडम म्हणतात सरांना विचारा, सर म्हणतात मॅडमना विचारा. मी काय टपाल आहे? उद्यापासून मीच बंद करते.”

“अजिबात नाही हं! ही गोळी एकदम सोडली तर अंगाला झेपत नाही. पायरी-पायरीनेच उतरायची असते.”

बालरोगतज्ज्ञ सरांच्या या दवाखान्यात सिस्टरचे केस पांढरे झाले होते. चष्मा चढवून त्यांनी चिठ्ठ्या तारखेवार लावल्या. मूत्रपिंडतज्ज्ञ मॅडमनी लिहिलं होतं, ‘आदरणीय सर, रिपोर्ट उत्तम. गोळीबाबत आपण ठरवाल तेच योग्य.’ सरांचं उत्तर, ‘निर्णय तज्ज्ञांचाच. तुझी प्रगती पाहून ऊर भरून येतो.’ त्यावर मॅडम, ‘सारी आपलीच शिकवण.’ या शेवटच्या चिठ्ठीत गोळीचं नावसुद्धा नव्हतं.

मॅडम एके काळी सरांच्या हाताखाली शिकलेल्या. दोघं दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे, आणि पोर उंबऱ्यात अडकलेली. सिस्टरना हसू आलं. पण गोळी उतरवायची तारीख उलटून तीन आठवडे झालेले दिसले, आणि हसू विरलं.

पोरीचा हात धरून त्या सरांच्या खोलीत शिरल्या. आई मागोमाग.

“सर, कौतुक उरकलं असेल तर एक गोळी ठरवायची होती.”

“मी पत्र लिहिलंय की, सिस्टर.”

“पत्र कुठलं, मानपत्र लिहिलंय!” त्यांनी सरांचाच फोन उचलून मॅडमना लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“सर! नमस्कार, तब्येत कशी आपली?”

“सर ठणठणीत आहेत, मॅडम. पोरगी समोर उभी आहे. गोळी कोण कमी करणार?”

“सर म्हणतील तसं.”

“अगं, तज्ज्ञ तू आहेस, पोरी.”

“पण सर, तुमच्यापुढे मी...”

“आमच्या वर्गातल्या मुली असंच करतात,” पोरगी मध्येच म्हणाली. “घसरगुंडीवर चढून ‘तू जा, तू जा’. मग घंटा होते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बरं,” ते फोनकडे वाकले. “तोंडी परीक्षा घेतो तुझी. सांग, कशी उतरवायची?”

परीक्षा म्हटल्यावर मॅडमचा आवाज ताठ झाला. उद्यापासून गोळी एक दिवसाआड, मग दर तपासणीला थोडी कमी, रोज सकाळी घरी लघवी तपासायची पट्टी. कुठे अडखळल्या नाहीत. सर मुकाट्याने उतरवून घेत होते.

सिस्टरनी फाईलच्या पहिल्या पानावर कोरा कागद चिकटवला. “गोळी कोण ठरवणार? एकच नाव लिहा. दोन दिसली तर कागद फाडीन.”

सरांनी मॅडमचं नाव लिहिलं.

“पट्टीचा रंग बदलला तर पहिला फोन कुणाला?”

“मला,” म्हणत सरांनी खाली आपला नंबर टाकला. आईने दोन्ही ओळी मोठ्याने वाचून घेतल्या. उद्या गोळी बंद करायचं ती पुन्हा बोलली नाही.

“गाल कधी जाणार?” पोरीने विचारलं.

“सर सांगती...” फोन म्हणाला.

सिस्टरनी नुसता घसा खाकरला.

“हळूहळू, बाळा,” मॅडम म्हणाल्या. “दोनतीन महिने लागतील. पण जाणार.”

“आणि माझं नाव कुठेय कागदावर?”

सिस्टरनी खाली तिसरी ओळ आखली, ‘गोळी घेणार कोण’, आणि पेन पोरीच्या हातात दिलं. जीभ दातांत धरून तिने आपलं नाव लिहिलं. एकच, पण कागदभर.