बुधवारसाठी राखलेलं बोट

माझी आई शेजारीपाजारी सांगत सुटली होती, "आमची धाकटी परदेशात सेवेला गेलीय." सेवा कसली डोंबलाची. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला बाहेरच्या देशातला महिनाभराचा अनुभव असला की नोकरीला बरं पडतं, म्हणून मी विमानात बसले होते. माझ्या वहीत ड्रेसिंगच्या तीस नोंदी हव्या होत्या, सहीशिक्क्यासकट.

डोंगरातलं ते आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढे बाक आणि वजनकाटा, मागे तपासणीचं टेबल आणि औषधांचं कुलूपबंद कपाट. सगळा कारभार एकट्या सिस्टरवर. पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम चार माणसं यायची आणि त्यांना तपासायला आम्ही सहा विद्यार्थी. खोकल्यासाठी आलेल्या एका आजींची नाडी सहाही जणांनी मोजली. चौथ्याच्या वेळी आजींना झोप लागली.

आमची व्यवस्था बघणारे साहेब सदा हसत असायचे, म्हणून आम्ही त्यांना हसमुखराव म्हणायचो. शुक्रवारी त्यांनी अभिप्रायाचे कागद वाटले. मी लिहिलं, 'पेशंट फार कमी. शिकायला काही मिळत नाही.' खाली ठसठशीत रेघ ओढली. शनिवार-रविवार त्यांनी केंद्राच्या एकुलत्या एका जीपमधून आम्हाला धबधबा दाखवला. पुढचे दोन दिवस आम्ही रबरी हातावर पट्ट्या बांधल्या.

बुधवारी केंद्राबाहेर रांग होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिसरा नंबर एका गवंडीकाकांचा. उजव्या हाताला गुंडाळलेलं फडकं मी सोडलं. अंगठ्याशेजारचं बोट वांग्यासारखं जांभळं, टोकाला काळं, आणि लाल रेघ मनगटाच्या वर चढलेली. अंग तापलेलं.

"कधीचं आहे हे?"

सिस्टरने काकांना त्यांच्या भाषेत विचारलंही नाही. "दगडाची कपची घुसलीय. शनिवारी आला होता."

"मग शनिवारीच का नाही उपचार केले?"

"साहेबांचा निरोप होता. जखमेवाले सगळे बुधवारी बोलवा, मुलांच्या हाताखालून जाऊ देत." ती कपाटाकडे बघत होती. "धबधब्याला जाताना कपाटाची किल्लीही घेऊन गेले. मी मिठाच्या पाण्याने धुतलं आणि परत पाठवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसमुखराव अंगणात चहा पीत होते.

"तुम्ही आजारी माणसं राखून ठेवता?"

"अहो, एवढं काय चिडायचं?" त्यांनी फाईल उघडून एक कागद माझ्यापुढे धरला. "तुमच्याच सोयीसाठी केलं ना."

अक्षर माझं होतं. रेघही माझीच. त्यांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, आणि लगोलग स्वतःच्याही. तुमच्याकडे माणसं पुरेशी आजारी पडत नाहीत, अशी तक्रार मी लेखी केली होती.

"जीपची किल्ली द्या."

"दुपारी तुमच्या ग्रुपला बाजार दाखवायचाय."

"द्या म्हटलं ना."

त्यांनी दिली. हसतच दिली.

खालच्या गावातल्या इस्पितळापर्यंत दोन तासांचा रस्ता. सिस्टरने गाडी चालवली. काका मागे माझ्याशेजारी, दुखरा हात मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत ते एकदाच बोलले.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"विचारतोय, थापी धरता येईल ना."

मी खिडकीबाहेर बघितलं. मला उत्तर माहीत होतं आणि ते तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

"शनिवारी आणलं असतं तर नुसता छेद देऊन, पू काढून भागलं असतं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोट मुळापासून काढावं लागलं. "आणायला इतका उशीर का केलात?" हे त्यांनी सिस्टरला विचारलं. उत्तर मी दिलं, हसमुखरावांकडून घेऊन आलेल्या त्या कागदासकट. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. तरीही मला बरं वाटलं नाही.

इस्पितळाने तीन दिवसांनी काकांना घरी सोडलं आणि पट्टी बदलायला आमच्या केंद्रात जायला सांगितलं. त्या दिवशी बाकीचे पाच जण पुन्हा जीपने फिरायला गेले होते. मी गेले नाही. कपाटाची किल्ली आता सिस्टरच्या कमरेला होती. त्यासाठी ती हसमुखरावांशी कडाकडा भांडली होती. मी टेबल पुसून, कापूस-पट्ट्या मांडून वाट बघत बसले होते.

काका आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. डाव्या हाताने उजवा हात सांभाळत त्यांनी सिस्टरला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली.

"विचारतोय, आज शनिवार आहे. चालेल ना, की बुधवारी येऊ?"