दीनाच्या विषयांची वाटणी

मॅट्रिकच्या परीक्षेएवढी मोठी घटना मनुष्यजातीच्या इतिहासात दुसरी झाली नाही, असं कृपादान मास्तरांचं ठाम मत होतं. ते स्वतः या घटनेला तीन वेळा सामोरे गेले होते आणि तिन्ही वेळा घटनेचाच विजय झाला होता. चौथ्या खेपेला त्यांनी मुलीला पुढं करायचं ठरवलं.

ही मुलगी, दीना, १९४६च्या फेब्रुवारीत नगरच्या बोर्डिंगातून अचानक घरी आली. शेवगावजवळच्या त्यांच्या खेड्यात मोटार दुपारी यायची. दीना उतरली ती ट्रंक मोटारीतच विसरून. हातात बोर्डिंगच्या बाईंची चिठ्ठी तेवढी होती: 'मुलगी फार थकली आहे. वर्गात बसल्या जागी रडते. तीन आठवडे विश्रांती द्यावी. पुस्तक हाती देऊ नये.'

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि आपलं जुनं भूमितीचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं.

"अहो, बाईंनी काय लिवलंय?" त्यांची बायको सारा म्हणाली.

"हाती देऊ नये, असं लिहिलंय. कानावर घालू नये असं कुठं लिहिलंय?"

त्या दिवसापासून दीना जिकडं जाई तिकडं मास्तर मागोमाग. ती ज्वारी निवडायला बसली की सुपापलीकडून प्रमेय, धुण्याच्या दगडावर बसली की सनावळ्या. दीना 'हूं' म्हणायची. पहिले दोन दिवस योग्य जागी, मग कुठंही. मास्तरांनी ते प्रगतीचं लक्षण धरलं.

तरी त्यांच्या जिवाला चैन पडेना. गावच्या चर्चमध्ये पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत, बाकीच्या रविवारी उपासना मास्तरच चालवीत. त्या रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीला दीनाचे विषय वाटून दिले. ज्याचा जो विषय, त्यानं त्यासाठी रोज प्रार्थना करायची. इंग्रजी मेरीबाईकडं गेलं, शास्त्र आमोसकडं आणि अलजिब्रा शलमोन गवंड्याकडं. शलमोनला तो काहीतरी पोटाचा विकार वाटला, पण त्यानं हरकत घेतली नाही.

मग चौकशा सुरू झाल्या. आमोस रोज सकाळी कुंपणापाशी उभा. "शास्त्राचं मी बगतो, पोरी. तू फक्त मला तोंडघशी पाडू नगंस."

मेरीबाई पाणी भरता भरता म्हणाली, "इंग्रजीत गेलीस तर लोकं म्हनतील, मेरीची प्रार्थनाच कच्ची."

दीना हसायची. हसू तोंडावर तसंच राहून जायचं, काढायचं विसरल्यासारखं. एकदा तिनं रिकामंच पातेलं चुलीवर ठेवून बराच वेळ ढवळलं. एका सकाळी सारानं तिची वेणी घातली आणि फणीत निघालेला केसांचा पुंजका नवऱ्यापुढं धरला.

"तेल लावत जा," मास्तर म्हणाले.

"तेल हाय. झोप न्हाई तिला."

मास्तर उठून अंगणात फेऱ्या मारू लागले. त्यांनाही झोप नव्हती, पण त्यांना ती तयारी वाटत होती.

तिसऱ्या रविवारी त्यांनी उपासनेतलं बायबलवाचन दीनाला दिलं. मंडळीला आपल्या मेहनतीचं फळ दिसावं, एवढाच हेतू. दीना उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि पानावर बोट ठेवून तशीच राहिली.

"वाच, दीना."

"अक्षरं दिसतात, बाबा. वाचता येत नाही."

पाचव्या वर्षापासून ती या जागी उभी राहून वाचत आली होती. मंडळीत चुळबुळ सुरू झाली. दीनानं पुस्तक मिटलं. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"यंदा मी परीक्षेला बसणार नाही. पुढच्या वर्षी बरं वाटलं तर बसेन. यंदा कुणीही सांगितलं तरी नाही."

"आन् आमी पंधरा दिस गुडघं झिजवलं, त्याचं काय?" आमोस म्हणाला.

बायकांच्या बाजूनं सारा उठली. "पंधरा दिस समदी मिळून शास्त्रासाठी आन् इंग्रजीसाठी देवाला भंडावताय. माझ्या पोरीसाठी कुनी एकदा तरी काय मागितलं का?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची, दिवेलागणीची. भूमिती प्रत्येकीत होती. दीना एकीतही नव्हती.

ते दीनाजवळ गेले, तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तिला सारापाशी नेऊन बसवलं. एवढ्या लोकांत, भर सकाळी, आईच्या खांद्याला डोकं टेकताच पोरीचे डोळे मिटले. मास्तर तिथंच उभे राहिले. तिचा श्वास संथ होईपर्यंत त्यांना हलवेना.

मग ते मंडळीकडं वळले. आवाज जरा खाली ठेवला.

"मी सगळ्यांचे विषय परत घेतो. आजपासून तिला कुणी काही विचारायचं नाही. मी तर नाहीच. आपण आईबाप आपली राहिलेली परीक्षा लेकरांच्या पाठीवर देतो, मंडळी, आणि त्याला शिक्षण म्हणतो. ज्या ज्या घरात..."

मागून शलमोननं हात वर केला होता. तो खाली घेईना, म्हणून मास्तर थांबले.

"मास्तर, अलजिब्रा सुटलं असंल तर त्या जागी प्रार्थनेत माझी शेळी घ्याल का? चार दिस झालं, चाऱ्याला तोंड लावत न्हाई."